जळकं फुलपाणी

सासूबाईंनी मान मागे टाकली, नाकात मारायच्या फवाऱ्याच्या बाटलीचं टोक नाकपुडीत खुपसलं, दोनदा दाबलं आणि अंगणातल्या चिमण्या उडाव्यात एवढ्या जोरात नाक ओढलं.

"झाली का वजू?" मी विचारलं. नमाजाआधी हातपाय धुताना नाकात पाणी ओढतात, तसंच ते दिसत होतं.

"तोंड आवर आणि जाऊन भांडी घास," सासूबाई म्हणाल्या. सगळे त्यांना मानाने लल्ला बेया म्हणतात. बाटली पुन्हा छातीशी खोचून त्या आपल्या स्टुलावर बसल्या.

समोर चादरीवर कडू संत्र्याची फुलं पसरलेली होती आणि चुलीवर तांब्याचं कत्तार, म्हणजे अर्क काढायचं भांडं, चढलेलं होतं. आत फुलं आणि पाणी उकळतं, वाफ वर जाऊन थंड होते आणि नळीतून फश्क्यात, म्हणजे वेताचं जाळं घातलेल्या पोटाळ बाटलीत, थेंबाथेंबाने उतरते. विस्तव कधी ओढायचा हे ठरवायला आमच्याकडे लल्ला बेयांचं नाक होतं. अर्ध्या नाबल गावाच्या लग्नांत आमचं फुलपाणी शिंपडलं जायचं ते त्या नाकाच्या भरवशावर. सून म्हणून आल्यापासून त्या स्टुलावर मला एकदाही बसू दिलेलं नव्हतं. मी फुलं निवडायची, पाणी भरायचं आणि गप्प राहायचं. यातलं शेवटचं मला कधी जमलं नाही.

ती बाटली घरात आली हिवाळ्याच्या तोंडाशी, जैतुनाच्या तोडणीच्या वेळी, सर्दीसाठी. दाबली की नाक मोकळं. सर्दी गेली, बाटली राहिली. मग एक उशाशी, एक चुलीपाशी, एक छातीशी. जरा वेळाने नाक पुन्हा गच्च व्हायचं की पुन्हा फवारा. "आजार हट्टी आहे, पण माझं औषध त्याहून हट्टी," असं त्या कौतुकाने सांगायच्या. शेजारी कुणी शिंकलं की कॉफीचा पेला करावा तशी तीच बाटली पुढे करायच्या.

मी मागच्या बाजूला भांडी घासत होते, तेवढ्यात शेजारच्या हलूमाची हाक आली. "अगं ए, कुणाचं काय जळतंय?"

मी धावत आले, मागोमाग हलूमाही आली. धुराचा वास नाकात घुसला. कत्तारचं बूड लागलं होतं. आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर लल्ला बेया निवांत बसून पडणारे थेंब बघत होत्या.

"काही जळत नाहीये," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आमची तोंडं पाहिली.

त्यांनी बोट थेंबाखाली धरलं आणि जिभेला लावलं. हलूमाची जीभ कधी अडत नाही, पण तीही उगाच आपल्या हरीसा चटणीच्या मिरच्यांबद्दल बोलायला लागली आणि बोलता बोलता निघून गेली.

"हयेत, माझं नाक मेलं," लल्ला बेया म्हणाल्या. त्यांनी मला नावाने हाक मारली; एरवी मी 'पोरी' असायचे.

मी फश्का ओतायला उचलला तर त्यांनी माझं मनगट धरलं. "ओतू नको. ज्या दिवशी हा जळका वास मला येईल, त्या दिवशी मी पुन्हा स्टुलावर बसेन. तोवर नाही." त्यांनी बूच घट्ट बसवलं आणि फश्का कोनाड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती. तिने बाटली उलटसुलट करून बघितली.

"लल्ला, ही कधीपासून वापरताय?"

"जैतुनापासून."

"अहो, आता संत्री फुललीत! ही तीन दिवसांची बाटली आहे, फार तर पाच. पुढे हिच्यानेच नाक सुजतं. तिचा असर उतरला की जास्तच सुजतं, म्हणून तुम्ही पुन्हा मारता. वर रक्तदाब वाढतो तो वेगळाच. आणखी कुणी वापरतं का ही?"

"देते की. शेजारधर्म आहे."

"एक बाटली, एक नाक. एकाचं दुखणं दुसऱ्याला जातं."

"म्हणजे हलूमाची सर्दीही मीच भोगतेय?" लल्ला बेया माझ्याकडे वळून म्हणाल्या. "तरीच एवढी बडबडी आहे ती."

डॉक्टरणीने दुसरी बाटली दिली. "ही सूज उतरवते, पण सावकाश. लगेच काही वाटणार नाही, तरी रोज मारायची. आधी मिठाच्या पाण्याचा फवारा, मग हलकेच नाक शिंकरायचं, मग ही. बघू, करून दाखवा."

लल्ला बेयांनी मान मागे टाकली, दाबलं आणि सर्रकन ओढलं.

डॉक्टरीण हसली. "ही तर वजू झाली! सगळं घशात गेलं. मान खाली घाला. उजवा हात डाव्या नाकपुडीला. टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला धरा, डोळ्याच्या कोपऱ्याकडे. आणि ओढायचं नाही. फुलाचा वास घेतो ना आपण, तसा श्वास घ्यायचा."

कुणाला शिकवत होती ती! मला हसू आलं आणि लगेच विरलं. लल्ला बेयांनी मान झुकवली, डोळे मिटले, आणि बाटली दाबताना अगदी अलगद श्वास घेतला.

"वास परत येईल?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"श्वास येईल. वासाचं वचन मी देत नाही."

पुढचे दिवस वाईट गेले. नाक दगडासारखं बंद. जुन्या बाटल्या मी कुसकुसच्या डब्यात लपवल्या, त्यांनी शोधून काढल्या, शेवटी मी कचऱ्यात फेकल्या आणि भरपूर शिव्या खाल्ल्या. पण फुलं कुणाच्या नाकासाठी थांबत नाहीत. चादर पुन्हा भरली.

"बस," त्यांनी स्टूल पायाने माझ्याकडे ढकललं. "काय वास येतोय?"

"फुलांचा."

"तेवढं गाढवालाही कळतं. कसा फुलांचा?"

मी डोळे मिटले. "हिरवट आहे. डहाळी मोडल्यासारखा."

"मग अजून वेळ आहे. मध आला की सांग."

मध आला. खरंच आला! मग मधाच्या मागून संत्र्याची साल आली, आणि त्याच्याही मागून काहीतरी मऊ, शिजलेलं.

"ओल्या पावासारखा?" भिंतीला टेकून बसलेल्या त्यांनी विचारलं.

"हो, लल्ला. तुम्हाला कसं कळलं?"

"ओढ विस्तव. आता पुढे जळकाच."

मी थक्क झाले. ज्याला मी इतकी वर्षं नुसता फुलांचा वास म्हणत होते, त्यात एवढं सगळं होतं. आणि बंद नाकाने ही बाई ते क्रमाने सांगत होती, कुठेही न चुकता. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मशिदीतही मला क्वचित वाटलंय. आणि त्यांच्यावर आलेलं संकट केवढं होतं, तेही तेव्हाच कळलं.

रोज सकाळी मिठाचं पाणी, मग मान झुकवून फवारा, मग त्या कोनाड्यापाशी जायच्या. फश्क्याचं बूच काढायच्या, हुंगायच्या. "काही नाही," म्हणायच्या आणि बूच लावायच्या. श्वास मोकळा झाला, झोप लागू लागली. "काही नाही" मात्र चालूच राहिलं. झाडांवरची फुलं संपली. मी कत्तार घासून, कापडात बांधून वर ठेवलं. स्टूलही भिंतीशी गेलं.

मी चादर घडी घालत होते तेव्हा आतून आवाज आला. "शी!"

मी धावले. लल्ला बेया कोनाड्यापाशी उभ्या होत्या. नाक मुरडलेलं, डोळ्यांत पाणी.

"जळकं! या अल्लाह, काय जळकं आहे गं हे! आणि हे मी केलं?"

मी फश्क्याला नाक लावलं आणि मला मळमळलं. "ओतून टाकू?"

"थांब." त्यांनी फश्का माझ्या हातून काढून घेतला. "आणि सुताराला सांग, पुढच्या वर्षी आणखी एक स्टूल लागेल."

मग त्यांनी मान झुकवली, डोळे मिटले, आणि ते घाण पाणी दोन्ही हातांनी नाकाशी धरून त्या पुन्हा पुन्हा श्वास घेत राहिल्या, हलकेच, फुलाचा वास घ्यावा तसा.