वीस मिनिटं नळाखाली

“मॅडम, लहान मुलं काय फक्त आईच्याच देखत पडतात आणि भाजतात का?”

हे मी विचारलं! भर हॉलमध्ये, उभी राहून! शाळेत दवाखान्यातल्या नर्सबाईंचा ‘मातांसाठी प्रथमोपचार’ असा कार्यक्रम होता. आम्ही मुली खुर्च्या मांडायला होतो, आणि मैत्रिणींनी पैज लावली होती की हिची काही तोंड उघडायची हिंमत नाही. सगळ्या आया खो-खो हसल्या. फक्त माझ्या आईने वळून असे डोळे वटारले की मी मटकन खालीच बसले.

नर्सबाई मात्र खूश! “बरोबर विचारलंस. तुमच्याकडे संध्याकाळी कोण असतं?”

“बाबा!”

“मग त्यांनाच पाठवायचं होतं की!”

थट्टा जाऊ दे, पण खरंच होतं ते. आईला नुकतंच कपड्यांच्या कारखान्यात संध्याकाळच्या पाळीची प्रमुख केलंय. आता कापडाला कात्री लावायच्या आधी सगळे तिला विचारतात! बाबा बेकरीत पहाटे भट्टी पेटवतात आणि दुपारी घरी येतात, म्हणून संध्याकाळी माझी धाकटी बहीण गोटी त्यांच्या ताब्यात. आत्याला हे मुळीच पसंत नाही. “पोरीला काही झालं म्हणजे डोळे उघडतील,” असं ती फोनवर ऐकवतच असते.

आणि परवा झालंच.

मी गणितं सोडवत होते. बाबांनी चहाचा कप टेबलावर ठेवला, गोटीने टेबलावरचं कापड ओढलं, आणि सगळा चहा तिच्या हातावर! अशी किंचाळली ती! बाबांनी तिला उचललं आणि थेट फ्रीजकडे धाव घेतली.

“बाबा, लोणी नको! नळाखाली धरा हात!”

“भाजण्यातलं तू मला शिकवणार? जन्म गेला माझा भट्टीपुढे. आम्ही लोणीच चोपडतो.”

“म्हणूनच डागांनी हातावर झेब्रा झालाय तुमच्या!”

बाबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तेवढ्यात मी गोटीला त्यांच्याकडून ओढून घेतलं. हो, ओढूनच! तिची ओली बाही वर सरकवली, हात सुजायच्या आत मनगटातलं कडं काढलं आणि नळ सोडला. धार बारीक, पाणी गार.

“बर्फ तरी?” बाबा ट्रे घेऊन उभे.

“बर्फसुद्धा नाही! घड्याळ बघा, वीस मिनिटं.”

“वीस? अगं, सगळ्या इमारतीची टाकी रिकामी होईल!”

“होऊ दे!”

माझे हात भरून आले तेव्हा बाबांनी तिला धरलं. मग पाव विकणाऱ्यासारख्या आरोळ्या ठोकत ते तिच्यापुढे तोंडं वेडीवाकडी करायला लागले. रडता रडता गोटी चक्क हसली! नंतर हातावर धुतलेला मऊ रुमाल सैल गुंडाळला आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी हात तपासला. “चार दिवसांत बरी होईल. पाणी कोणी घातलं?”

मी काही बोलायच्या आत बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. काय वाटलं म्हणून सांगू! छाती फुगून शर्टाचं बटण तुटायचंच बाकी होतं.

आई पाळी अर्धवट टाकून धावत घरी आली. गोटीचा हात पाहिला आणि खांद्यावरची पिशवी न काढताच खाली बसली.

“नको मला ती पाळी. उद्याच सांगते त्यांना.”

“अगं, पण...” बाबांचा चेहरा कच्च्या पिठासारखा पांढरा. तेवढ्यात फोन वाजला. आत्याच! आईने हात पुढे केला, तो मी मध्येच धरला.

“फोन राहू दे. आधी माझं ऐका, दोघंही. आई, तू घरी असतीस तरी चहा सांडलाच असता. आणि काय करायचं ते तुला येतं, मला येतं. येत नाही ते बाबांना. तर शनिवारी नर्सबाई दवाखान्यात बाहुलीवर सगळं करून दाखवणार आहेत. मी मघाशी तिथेच विचारून आलेय, बाबा आणि मी जाणार. बाबांना जमेपर्यंत मी संध्याकाळी खेळायला जाणार नाही, गोटीजवळ थांबेन. आणि आई, तू उद्या कामावर जायचंस. मी ठरवलंय.”