बर्फ कुठे जातो

"काकू, शेवटचा बर्फ कधी पडला होता?" फ्रीझरमध्ये डोकं खुपसून मेकॅनिकनं विचारलं.

शिवणकाकूंनी नुसतीच मान हलवली. बोलायची सोयच नव्हती. शेवटचा बर्फ त्या क्षणी त्यांच्या डाव्या गालात होता.

"तिला काय विचारता, मला विचारा!" त्यांचे यजमान पुढे सरसावले. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट तपासून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना अख्खी इमारत लिफ्टसाहेब म्हणायची. "दिवसात डबा भरतो असं पुस्तिकेत लिहिलंय. आमच्या डब्याचा तळसुद्धा झाकला जात नाही. तिसरी खेप आहे तुमची."

"मलाही पाठ झालंय घर," मेकॅनिक आतूनच म्हणाला. "काका, या दांडीला तेल कुणी घातलं?"

"मी. डबा भरला की ती वर राहते आणि यंत्र थांबतं, बरोबर? म्हटलं, वरच अडकली असेल."

"आता बर्फ निसटून पडेल, पण तळणीचा वास येईल त्याला."

काकूंना हसू फुटलं आणि खडा घशात जाता जाता राहिला. खोकल्याचं निमित्त करून त्या खिडकीकडे वळल्या.

स्वतःहून बर्फ पाडणारा हा फ्रिज लिफ्टसाहेबांनी मोठ्या हौसेनं आणला होता. तो बर्फ करत नाही म्हटल्यावर त्यांना जणू परत नोकरी लागली. त्यांनी पाण्याचा फिल्टर बदलला. थंडी वाढवली, तर भाजी दगडासारखी गोठली. मागची नळी दुमडली आहे का पाहायला फ्रिज भिंतीपासून ओढला, तेव्हा नळी सरळ निघाली आणि यांची कंबर वाकडी झाली. आणि या सगळ्या काळात यंत्र बिचारं इमानेइतबारे बर्फ पाडत होतं आणि काकू तो खात होत्या.

याची सुरुवात एका दुपारी झाली होती. कुणाच्या तरी पँटची शिवण उसवताना काकूंच्या डोळ्यांपुढे जरा अंधारी आली. हल्ली तसं व्हायचं. जिना चढला की दम लागायचा. वय झालं म्हणायचं आणि सुईत दोरा ओवायचा. तेवढ्यात फ्रिजमध्ये खळ्ळकन काहीतरी पडलं. त्यांनी उठून एक खडा तोंडात टाकला, कुडुमकन फोडला, आणि काय सांगावं! नखशिखान्त बरं वाटलं. मग दुसरा खाल्ला. मग डबा रिकामा होईस्तोवर त्या तिथेच उभ्या.

घरात "तुला काय आणू?" असं कुणी विचारलं, तर "मला काहीही चालेल" हे उत्तर काकूंच्या तोंडून मशीनच्या टाक्यासारखं एकसारखं पडायचं. मुलं मोठी होऊन आपापल्या घरी गेली, तरी टाका तोच. इतक्या वर्षांत त्यांना हवंहवंसं वाटलेलं हे पहिलंच खाणं, आणि ते निघालं गोठलेलं पाणी. कुणाला सांगायचं कसं? पहिल्या दिवशी हसत सांगता आलं असतं. पण यजमानांनी फिल्टर आणला. मग कंबर धरली. मग कंपनीला फोन केला. सांगण्याची वाट रोज थोडी थोडी बुजत गेली.

"आता खरंखोटं करूनच टाकू," म्हणत मेकॅनिकनं यंत्राचं चाचणीचं बटण दाबलं. घरघर झाली, साचा फिरला आणि मूठभर खडे डब्यात खळखळले. मागोमाग साच्यात पाणी भरल्याचा आवाज आला.

"हे बघा. करतंय की."

"तुमच्यासमोर करतं. लिफ्टचंही तसंच असतं, तपासनीस आला की शहाण्यासारखी वागते."

"मग पाण्याचा जोर बघू. मी मागची नळी सोडतो, तुम्ही बाहेरचा नळ बंद करा."

लिफ्टसाहेब बाहेर गेले. मेकॅनिक फ्रिजच्या मागे दिसेनासा झाला. काकूंनी मनाला बजावलं, आता नाही. हातानं ते ऐकलं नाही.

दोघं परत आले, तेव्हा डब्यात दोन खडे उरले होते.

"बघा! गायब!" लिफ्टसाहेब जवळजवळ आनंदानं ओरडले. "हेच सांगत होतो मी!"

मेकॅनिकनं डबा उचलला, तळाला हात फिरवला. पाण्याचा थेंब नव्हता. "काका, फ्रिज बर्फ करत नाही, असं होऊ शकतं. केलेला स्वतःच खातो, असं मी अजून पाहिलेलं नाही."

"म्हणजे तुम्हाला बिघाड सापडत नाही. ठीक आहे. मी वरच बोलतो." लिफ्टसाहेब फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

मेकॅनिकनं काकूंकडे पाहिलं. मग त्यांच्या गालाकडे पाहिलं. मग उगाच हत्यारांची पेटी आवरू लागला.

"माझी ताई भिंतीचा चुना खायची," तो हळू आवाजात म्हणाला. "आम्ही चिडवायचो तिला. आईनं तर दोनदा धपाटे घातले. शेवटी कळलं, अंगात रक्तच कमी होतं. डॉक्टर म्हणाले, अशांना कुणाला माती खावीशी वाटते, कुणाला बर्फ. तपासून घ्या, काकू. काकांना मी सांगतो, दांडी बदलली म्हणून."

"आणि तिकडे तुमच्यावर ठपका?"

"येतात असे ठपके. धुतले की जातात."

बाहेरून आवाज चढला. "अहो, तीन वेळा आला! तुमच्या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही. मला लेखी तक्रार करायचीय त्याची!"

मेकॅनिक खाली मान घालून एकच पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिला. काकूंना ते बघवेना. त्यांनी डबा उचलला, तरातरा बाहेरच्या खोलीत गेल्या आणि यजमानांच्या समोर उभं राहून उरलेल्यातला एक खडा तोंडात टाकला. कुडुम.

लिफ्टसाहेबांचा फोन कानावरून खाली आला.

"मी खाते," काकू म्हणाल्या. "फ्रिज आला तेव्हापासून. त्या माणसाला काही बोलू नका."

"हॅलो? सर? तक्रार लिहून घेऊ ना?" फोन विचारत होता.

"नको. सापडला बिघाड," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग ते बायकोकडे वळले. "अगं, मी कंबर मोडून घेतली! बोलायचं नाहीस?"

"तुम्ही इतक्या आवडीनं पुस्तिका वाचत होतात."

आत मेकॅनिकला हसू आवरेना. त्यानं पेटी जोरात बंद केली.

"पण बर्फ का? घरात काय कमी होतं?"

"कमी काही नव्हतं हो," काकू म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "हवंसं वाटलं. बस्स, एवढंच."

रक्त तपासलं, ते मेकॅनिकच्या ताईसारखंच निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. लिफ्टसाहेब त्या लिफ्टच्या देखभालीच्या शिस्तीनं देऊ लागले, तेही "एकही चुकवायची नाही, तपासणी आहे" असा दम भरून. हळूहळू काकूंचा जिन्यातला दम कमी झाला. डबा भरू लागला आणि दांडी वरच राहू लागली.

"घेत नाहीस?" एकदा लिफ्टसाहेबांनी खडा पुढे केला.

काकूंनी तोंडात धरून पाहिला. नुसतं थंड पाणी. एवढ्या वर्षांतून एकदा काही हवंसं वाटलं होतं, आणि तेही गोळ्यांनी नेलं. बरं वाटत असूनही त्या दिवशी त्यांना जरा चोरी झाल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात दोघं बाजारात गेले. फळवाल्याच्या गाडीशी लिफ्टसाहेब सवयीप्रमाणे एकेक सफरचंद फिरवून तपासत होते. काकूंनी ढिगातलं सगळ्यात लाल, सगळ्यात मोठं उचललं.

"हे माझं," त्या म्हणाल्या.

"अगं, धुवून तरी..."

त्यांनी चावा घेतला होता. रस हनुवटीवर आला. लिफ्टसाहेबांनी आपल्या वाट्यासाठी हात पुढे केला. काकूंनी सफरचंद दुसऱ्या बाजूनं फिरवलं आणि पुन्हा चावलं.