मास्तरांच्या ट्यूबची हवा

"अजून किती फुगणार आहे ही म्हातारी? माझा जीव जाईल, पण हिचं पोट भरायचं नाही!"

पायाने पंप दाबता दाबता मास्तरांचे जावईबापू माझ्याकडे बघत पुटपुटले. मला राग आला नाही. भर उन्हात, एकाच दिवसात, ते मला पुन्हा पुन्हा फुगवत होते आणि कोरडीच्या कोरडी पुन्हा डिकीत कोंबत होते. असं का चाललंय, ते त्यांना कळत नव्हतं आणि मलाही.

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे. ट्रकच्या मागच्या चाकातली. ऐन उमेदीची वर्षं मी टायरच्या पोटात अंधारात काढली. रस्ता कधी दिसला नाही, नुसते खड्डे कळले. मग एका खिळ्याचं निमित्त झालं. पंक्चरवाल्याने ठिगळ लावलं आणि म्हणाला, "हिला आता ओझं झेपायचं नाही. पोरं झेपतील." अशी मी पोहण्याच्या तलावावर मास्तरांच्या हाती आले.

मास्तरांची शिकवण्याची तऱ्हाच न्यारी. भित्र्या पोराला माझ्यात बसवायचं आणि रोज त्याच्या नकळत माझी थोडी हवा सोडायची. पोर आपलं हातपाय मारत राही. शेवटी माझं पार पोतेरं होई, तरी पोर तरंगतंच! काठावरच्या आया टाळ्या वाजवत. "मास्तर, जादू आहे हो तुमच्या हातात!" हवा माझी गेली आणि नाव यांचं झालं, असं मनात येई. पण खोटं कशाला बोलू, छाती माझीही फुगायची. तेवढीच काय ती उरलेली असायची.

एकदा मास्तरांनी स्वतःच्या लेकीला माझ्यात बसवलं. पहिलाच दिवस तिचा. काठावर सगळे पालक जमले होते. तेव्हा काय झालं ते मला धड उमगलंच नाही. पाणी उसळलं, गलका झाला, मी एकदम चपटी झाले आणि लेक माझ्यातून खाली गेली. मास्तरांनीच तिला वर काढलं. "हात सुटला तिचा," ते सगळ्यांना सांगत होते.

हात? तिने तर मला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं! म्हटलं, मग मीच फुटले असेन. पंक्चरवाल्याने मला टबात बुडवून बुडवून पाहिलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. मास्तरांनी त्याचे पैसे दिले. मला घरी नेऊन माळ्यावर टाकलं, जुन्या गादीखाली. ज्या पोरांना मी तरंगवलं, त्यांतलं एकही विचारायला आलं नाही. खालून कधीतरी आवाज यायचा, "तिला नाही हो पाणी आवडत, लहानपणी हात सुटला होता ना." की लगेच कुणीतरी दूध उतू जातंय म्हणून उठायचं. त्या घरात किती दूध उतू गेलं असेल!

यंदा मास्तरांच्या नातीने, म्हणजे त्याच लेकीच्या मुलीने, मला माळ्यावरून ओढून काढलं. तिला सगळे बेडकी म्हणतात, पण पोहण्याच्या नावाने शून्य. "आजोबा, शाळेत पोहण्याच्या तासाला सगळा वर्ग पाण्यात असतो आणि मी एकटी काठावर सगळ्यांचे टॉवेल सांभाळते. या सहलीत मला शिकायचंच!"

ते चौघं गाडीत आणि मी डिकीत, असे निघालो. गाडी तव्यासारखी तापलेली. पुलाखाली नदी लागली, मला फुगवलं. मास्तरांची लेक पाण्याकडे न बघताच म्हणाली, "गढूळ आहे." मला तर तळातले गोटे दिसत होते. पुढे एका हॉटेलचा तलाव. पहारेकरी म्हणाला, "बाहेरच्या ट्यूबा आत चालत नाहीत."

"मग ट्यूब राहू दे बाहेर, मी जाते!" बेडकी म्हणाली.

"नियम म्हणजे नियम," लेक म्हणाली आणि गाडीत जाऊनसुद्धा बसली. इतक्या आनंदाने नियम पाळणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. मास्तर प्रत्येक वेळी पाण्याऐवजी लेकीकडे बघायचे. मला वाटलं, माझीच लाज वाटत असेल सगळ्यांना.

मग हा बंधारा सापडला. मास्तरांच्या कमरेइतकं पाणी, काठाला झाडं.

"ऊन लागेल तिला," लेक म्हणाली.

"अगं, सावली आहे," जावईबापू म्हणाले.

"जेवल्या जेवल्या पाण्यात नाही जायचं."

"डबे अजून उघडलेच कुठे आहेत?"

बेडकी तोवर माझ्यात बसलीसुद्धा! किती वर्षांनी अंगाला पाणी लागलं. मित्रांनो, आम्हा जुन्या ट्यूबांचं मागणं फार नसतं. वापरून झाल्यावर कोरडं पुसा, उन्हात तडकू देऊ नका. आणि आमच्यात हवा किती आहे, ते बसणाऱ्याला सांगा. त्याचा सगळा भार आमच्यावर असतो.

मास्तर मला धरून उभे होते. जुनी सवय, त्यांचं बोट हळूच व्हॉल्व्हवर आलं.

"बाबा, हात काढा तिथून!"

लेक चपलांसकट पाण्यात शिरली होती. गुडघाभर पाण्यात आली आणि तिथेच थिजली.  जावईबापू म्हणाले, "मी कलिंगड कापू का?"

"आई," बेडकी म्हणाली, "तुझा हात सुटला होता म्हणून तू घाबरतेस ना? मी घट्ट धरीन. पण तुझा सुटला कसा गं?"

 मास्तरांचं बोट व्हॉल्व्हवरून उचललं गेलं. ते नातीशी बोलत होते, पण बघत होते लेकीकडे.

"हात नव्हता सुटला तिचा. मास्तरांची लेक एका दिवसात पोहते, असं मिरवायचं होतं मला लोकांपुढे. सगळी हवा मीच सोडली होती, बाळा. तिला न सांगता."