धर्माजीची गुझी

पुंडलिकने चार फुटी पाइप जुन्या मोटरसायकलच्या किकच्या दांड्यात अडकवला, तेव्हा दमयंती पुढे सरकली.

"अहो, थांबा जरा."

"थांबायला वेळ कुठाय? सव्वानऊ झाले." त्याने पाइपवर भार टाकला. इंजिन हललं नाही. त्याने दात-ओठ खाऊन पुन्हा जोर लावला, तेव्हा कुठेतरी बारीक 'कट्' झालं. पुंडलिक बोईसरच्या कारखान्यातला टर्नर. धातूचा आवाज त्याला कळायचा. त्याने पाइप सोडून दांड्यावर बोट फिरवलं. मुळाशी केसाएवढी चीर गेली होती.

पडवीच्या उंबऱ्यावर बळवंततात्या विडी ओढत बसले होते. "मोडा, मोडा," ते म्हणाले. "भंगारवाल्या रामकिसनचा हातोडा तरी वाचंल."

अट तात्यांनी सकाळी वाडीच्या फाटकातच घातली होती. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, धर्माजीची. चिंचणीत काय, अख्ख्या पालघर तालुक्यात अशी दुसरी नव्हती. लाल रंगाची इटालियन मोटो गुझी, आडवं पडलेलं सिलिंडर आणि इंजिनाच्या बाहेर उघडं फिरणारं, ताटाएवढं, जाड चाक. गोदीत काम करताना एका बोटीवरच्या इंजिनियरकडून धर्माजीने ती घेतली होती. पुंडलिक शाळेत जाताना त्या उघड्या चाकाकडे बघत रस्त्यात उभा राहायचा. मरताना धर्माजी तात्यांना म्हणाला होता, 'चालवणाऱ्याला दे, मांडून ठेवणाऱ्याला नको.' आठ वर्षांत तिघे आले, तेही थंडीतच. तिघांनीही इंजिन जाम म्हणून हात झटकले. आता पडवी पाडून तिथे चिकू भरायची शेड व्हायची होती.

"भंगारवाल्याला शब्द दिलाय मी," तात्या म्हणाले होते. "धा वाजता टेम्पो येल. टेम्पो आत शिरायच्या आधी इंजिन फिरलं, तर गाडी तुमची. त्यालाबी तसंच सांगितलंय. नाय फिरलं, तर मंग माझ्याकडं बघायचं नाय."

पुंडलिकने आता पिशवीतून हातोडा काढला आणि उघड्या चाकावर लाकडी ठोकळा धरला.

दमयंतीने त्या चाकावर आपला हात ठेवला. "ओतीव आहे हे. तुम्हीच सांगता ना, ओतीव वाकत नाही, तुटतं? तुटलं तर कुठून आणणार?"

"मग काय करू? पूजा करू?"

तिने चाकावरचा हात काढला नाही. मघापासून एक वास तिच्या डोक्यातून जात नव्हता. पुंडलिकने प्लग काढला, तेव्हा त्याच्या आट्यांना पांढरं, मेणासारखं काही लागलं होतं. 'जुनं ग्रीस' म्हणून त्याने ते पुसून टाकलं होतं. तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, ती रोज आठ तास वासांतच असायची. हा वास ग्रीसचा नव्हता. तो खवट होता, पण ओळखीचा.

तेवढ्यात तात्यांच्या पत्नी मंगलाकाकू चहा घेऊन आल्या. जाता जाता त्यांनी कमरेची बाटली काढून उन्हातल्या कट्ट्यावर ठेवली. "मेलं काय ही थंडी! केसाला लावीन म्हटलं, तर दगड झालाय तेलाचा."

बाटलीत खोबरेल पांढरंशुभ्र गोठलं होतं.

"तात्या," दमयंतीने विचारलं, "गाडीत तेल कुठलं घातलंत?"

"कुठलं म्हंजे? आमच्या वाडीचं, खोबऱ्याचं. धर्मा बोलला होता, प्लगातून तेल सोडत जा, गंज नाय चढणार. दर खंडेनवमीला कोयता, पंप, गाडी, सगळ्यांची पूजा आमी करतो. देवाच्या दिव्याला तेच, गाडीला तेच. वाटीभर. पुढचं चाक चिऱ्यावर चढवलंय ना, ते त्यासाठीच. तेल मागं उतरतं."

आठ वाट्या. दमयंतीने पडवीकडे पाहिलं. उत्तरेकडची, जानेवारीतली, ऊन न शिरणारी. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं आणि इथे सोळाच्या वर पारा नसणार.

"जाम नाही ती," ती नवऱ्याला म्हणाली. "गोठलीय. काकू, बंब पेटलेला आहे ना? आणि गोणपाट द्या. पण आधी कोमट पाणी. एकदम कढत ओतलं तर सिलिंडर तडकेल."

पुंडलिकने आधी तिच्याकडे बघितलं, मग बाटलीकडे, आणि हातोडा खाली ठेवला.

साडेनऊ. इंजिनाला गोणपाट गुंडाळलं. कोमट पाणी, मग जरा गरम, मग त्याहून गरम. "अजून कढत ओत ना!" तो कळवळून म्हणाला. "नाही," ती म्हणाली, आणि तिने पाण्यात पुन्हा बोट बुडवून पाहिलं. पावणेदहा. गोणपाटातून वाफ निघत होती. लांब रस्त्यावर हॉर्न वाजला. एसटी होती. दुसरा वाजला, तो मात्र एसटीचा नव्हता.

"आलाच बघा तो," तात्या उठले.

"आता," दमयंती म्हणाली.

चिरलेला दांडा पुंडलिकने धरलाच नाही. त्याने दोन्ही हातांनी उघडं चाक पकडलं आणि हलकेच ओढलं. चाक बोटभर सरकलं. थांबलं. पुन्हा बोटभर. मग आतून काहीतरी सुस्कारल्यासारखं झालं, चाक पूर्ण फिरलं आणि प्लगच्या भोकातून पिवळट तेलाची चिळकांडी थेट तात्यांच्या धोतरावर उडाली. तेलात चार-पाच अक्षताही होत्या.

टेम्पोचं पुढचं चाक अजून फाटकाबाहेरच होतं.

रामकिसन खाली उतरला, गाडीकडे पाहत राहिला. "तात्या, ये तो घूम गया!"

"गया. आता तू बी घूम. मागं मोडका पंप पडलाय, तो ने."

पुंडलिकने दांडा काढून बायकोपुढे धरला. "मीच मोडली असती."

"हा लेथवर नवा होईल," ती म्हणाली. तिचा हात अजून चाकावरच होता.

दुपारी गाडी बैलगाडीत चढवली. मंगलाकाकूंनी हळदकुंकू लावलं. कट्ट्यावरचं तेल विरघळलं होतं. तात्या बाटली घेऊन प्लगपाशी वाकले, तशी दमयंतीने चटकन भोकावर तळवा ठेवला.

"तात्या, बाहेरच्या चाकाला लावा. आत नको."