दोन वाजताचा बॅकअप

कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या त्या नदी-संशोधन संस्थेत मराठी माणसं दोनच. एक विनीताताई, मूळच्या सांगलीच्या, नऊ वर्षं हुगळीच्या पाण्यातला गाळ मोजत बसलेल्या. दुसरा उन्मेष, कंप्युटर विभागाचा प्रमुख. प्रमुख कसला, विभागात माणूसच तो एकटा! बाकी ऑफिसशी इंग्रजी-हिंदी, कँटीनवाल्याशी मोडकीतोडकी बंगाली, आणि विनीताताईंशी मात्र घरच्यासारखं मराठी. त्यांच्या डब्यातलं अर्धं थालीपीठ उन्मेषचं, हे ठरलेलंच होतं.

संस्थेचा सर्व्हर जुना. रात्री इमारतीची वीज बंद करायचा नियम, म्हणून बॅकअप दुपारी दोनला चालायचा. त्या फेब्रुवारीपासून काय झालं कुणास ठाऊक, बॅकअप सुरू झाला की दहा मिनिटांत सर्व्हर बंद पडायचा. उन्मेषनं काय नाही केलं? पंखे साफ केले, मेमरी बदलली, यूपीएस बदलला. परत चालू केला की सर्व्हर गुणी बाळासारखा चालायचा, तो दुसऱ्या दिवशी दोनपर्यंत. दोन वाजत आले की लोक उन्मेषकडे बघून मुद्दाम घड्याळ दाखवायचे. त्याला ते फार झोंबायचं.

मग एका शुक्रवारी सर्व्हर सकाळी अकरालाच पडला. त्या वेळी विनीताताई आपले सगळे आकडे पेन ड्राइव्हवर उतरवून घेत होत्या. एरवी दर शुक्रवारी त्या फक्त आठवड्याचे नवे आकडे घ्यायच्या, त्या दिवशी मात्र जुनेही घेत होत्या. झालं! उन्मेषला चोर सापडला. पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला, असं त्यानं ठरवूनच टाकलं. खरं तर बॅकअप काय आणि पेन ड्राइव्ह काय, दोन्ही त्याच जुन्या फायली वाचत होते. डिस्कचा तेवढा कोपरा किडला होता आणि तिथं हात लागला की सर्व्हर कोसळत होता. इतकी सोपी गोष्ट, पण ती सुचायला डोकं ठिकाणावर लागतं, आणि चिडलेल्या माणसाचं ते नसतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्यानं पेन ड्राइव्हबंदीचं पत्रक काढलं, सगळ्यांचे पेन ड्राइव्ह गोळा केले आणि पुसून परत दिले. विनीताताईंचा त्यानं स्वतःच्या हातानं पुसला. त्या जरा घुटमळल्या.

“उन्मेष, माझे आकडे राहतील ना रे नीट?”

“ताई, मी आहे ना,” तो म्हणाला.

हे तो इंग्रजीत म्हणाला असता तर त्यांनी कदाचित चार प्रश्न विचारले असते. आपला माणूस आपल्या भाषेत सांगतोय म्हटल्यावर त्या निश्चिंत झाल्या.

सर्व्हर काही पडायचा थांबला नाही. त्यात दिल्लीहून पाहणीला माणसं यायची होती. तेव्हा उन्मेषनं दोन दिवसांपुरता म्हणून बॅकअपच बंद करून टाकला. सर्व्हर गप्प झाला. पाहणी छान पार पडली, संचालक लाहिरीसाहेबांनी त्याची पाठ थोपटली, आणि त्यानं अहवालात ‘समस्या दूर झाली’ असं लिहून दिलं. बॅकअप उद्या चालू करू, परवा करू असं म्हणता म्हणता चार महिने गेले. भीती वाटायची बिचाऱ्याला. पुन्हा पडला तर लोक हसतील.

जुलैतल्या एका सोमवारी डिस्क कायमची गेली. बाहेरच्या डिस्क दुरुस्तीवाल्यांकडून बाकीच्यांचं बरंचसं हाती लागलं, पण विनीताताईंच्या नऊ वर्षांतलं एक पानसुद्धा आलं नाही. जुना चांगला बॅकअपही उरला नव्हता, कारण रोजचा नवा त्याच्यावरच लिहिला जायचा आणि अर्धवट राहायचा. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. त्या आकड्यांवरचा शेवटचा अहवाल तेवढा लिहायचा होता.

मीटिंगमध्ये लाहिरीसाहेबांनी विचारलं, जबाबदार कोण? विनीताताई काही वेळ उन्मेषकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आकडे माझे होते, त्यांची वेगळी प्रत मी ठेवायला हवी होती. उन्मेषनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. विनीताताईंच्या नावावर निष्काळजीपणाचा शेरा लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची; उन्मेषची मूठ झाकलेली राहिली, आणि त्या दिवसापासून तो विनीताताईंच्या डब्याकडे फिरकेना.

विनीताताई निवृत्त होऊन कोलकाता सोडायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, तो बागबाजारला त्यांच्या घरी गेला. त्या खोकी बांधत होत्या. बसायचंही न सुचून तो उभ्या उभ्याच म्हणाला, “ताई, बॅकअप मीच बंद करून ठेवला होता.”

“ठाऊक आहे मला. डिस्कवाल्यांचा रिपोर्ट साहेबांनी वाचला नाही, मी वाचला. शेवटचा बॅकअप मार्चचा होता.”

“मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?”

“तू बोलशील म्हणून थांबले होते.” त्यांनी चिकटपट्टीचं टोक दातानं तोडलं. “एकदा ‘माझं चुकलं’ म्हणाला असतास ना, तर मी साहेबांशी तुझ्यासाठी भांडले असते. माझं काय, मी जाणारच होते.”

उन्मेष रडला. त्यांनी त्याला पाणी दिलं, पण समजूत काढली नाही.

सोमवारी त्यांची गाडी सुटायच्या सुमाराला तो लाहिरीसाहेबांच्या केबिनमध्ये शिरला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. वरातीमागून घोडं, हे त्यालाही कळत होतं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, बाईंनी स्वतः कबूल केलंय, त्या गेल्याही, फाइल बंद झाली. आता कशाला उकरून काढतोस? मग उठून त्यांनी उन्मेषच्या खांद्यावर हात ठेवला.

“पण आपणहून येऊन सांगितलंस,” ते म्हणाले, “फार सरळ माणूस आहेस तू.”

उन्मेषला शरमेनं तिथं उभं राहवेना.