बदललेला पत्ता

धाकट्या भावाने तो कोड ताईसाठीच लिहिला होता. ताई औषधांच्या खोक्यातल्या माहितीपत्रकांची भाषांतरं करायची. दिवसभर इथून कॉपी, तिथे पेस्ट. आणि नवं काही कॉपी केलं की आधीचं गेलंच. ती वैतागायची. धाकट्याच्या कोडमुळे कॉपी केलेला प्रत्येक मजकूर जपला जायचा आणि पेस्ट होण्याआधी त्यातलं शुद्धलेखनही सुधारता यायचं. ताई एवढी खूश झाली, की त्याने त्या कोडची लायब्ररी करून ती सगळ्यांसाठी मोफत खुली केली. कुणीही घ्यावी, आपल्या प्रोग्रामला जोडावी.

पुढे ताईने नोकरीसाठी भाषांतर संस्थांना ईमेलने अर्ज पाठवायला सुरुवात केली. एकाचंही उत्तर आलं नाही. आधी ती ते हसण्यावारी न्यायची. मग तिने तो विषयच सोडला आणि हळूहळू हातातली कामंही परत केली. ताईचे यजमान, भावोजी, पाहुण्यांना सांगायचे, तिला झेपत नाही, उगाच जिवाला त्रास.

एका दुपारी कॉम्प्युटर फार रखडतो म्हणून तिने धाकट्याला बोलावलं. तपासताना त्याला एक प्रोग्राम सापडला, त्याने न बसवलेला. आतला कोड मात्र त्याचाच. ताईने एखाद्या संस्थेचा ईमेल पत्ता कॉपी केला, की पेस्ट होताना त्यातलं एक अक्षर बदलत होतं. प्रोग्राम भावोजींच्या नावाने बसवलेला होता, आणि सगळे अर्ज त्यांनी स्वतः उघडलेल्या पत्त्यांवर जात होते.

त्याने तिला सगळं दाखवलं.

"म्हणजे माझं काम वाईट नव्हतं?"

"नव्हतं गं. कुणी वाचलंच नाही."

संध्याकाळी भावोजींनी काहीच नाकारलं नाही. घर विस्कटू नये म्हणून केलं, असं ते बूट काढता काढता म्हणाले. धाकट्याचा आवाज चढला. निघताना त्याने ताईला आपल्याबरोबर चलायला सांगितलं.

"कुठे येऊ?" ती म्हणाली. "मला काही येत नाही हे मी स्वतःला इतकं पटवलंय रे, की आता ते निघत नाही."

धाकट्याने घरी जाऊन लायब्ररी काढून टाकली. तोवर ती कुणाकुणाकडे पोचली होती, याचा पत्ता लागणं शक्य नव्हतं. संस्थांचे खरे पत्ते त्याने ताईला पाठवले, पुन्हा पाठवले. तिने एकही अर्ज केला नाही.