चौथ्या मसुद्याखालचे नाव

"मॅडम, एका ओळीचा तर विषय आहे. त्यासाठी मीटिंग रूम कशाला?" टीमलीड दारातच थांबला. एक हात दाराच्या मुठीवर, दुसऱ्यात कॉफीचा कप.

"आत ये आणि दार लाव."

त्याने दार लावले, पण बसला नाही. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर कुणीतरी कधीकाळी आकृती काढून खाली 'पुसू नये' असे लिहिले होते. आकृती उडून गेली होती, 'पुसू नये' तेवढे शिल्लक होते. बाईंनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

पडद्यावर सकाळी सव्वानऊला आलेले पत्र होते. लिहिणारा कुठल्याशा प्रयोगशाळेत संगणक सांभाळणारा माणूस, ओळखीचा नाही. त्याने लिहिले होते, 'तुमची चाचणी आमच्या चाळीसच्या चाळीस यंत्रांवर पास म्हणते. पण ज्या साधनाची ती चाचणी आहे ते साधन आमच्याकडे तयारच झालेले नाही. नसलेले साधन पास कसे होते? यंत्र तापले की त्या साधनाने इशारा द्यायचा होता. दोन यंत्रे जळाली. या बदलाखाली तपासणारी म्हणून तुमचे नाव आहे, म्हणून तुम्हाला विचारतो.'

बाईंचे वय चौपन्न. गेली नऊ वर्षे त्या हेच काम करत होत्या. संगणक सुरू झाला की सर्वांत आधी जागा होतो तो कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याच्या पोटात काय चालले आहे हे बघायला लहान लहान साधने लागतात. ती साधने कशी बांधायची याचे नियम लिहिलेले असतात, आणि बांधून झाल्यावर ती चालतात का हे बघायला आपोआप धावणाऱ्या चाचण्या असतात. कुणी त्यात बदल केला की दुसऱ्या कुणीतरी तो ओळ न् ओळ वाचायचा आणि पटला तरच खाली आपले नाव लिहू द्यायचे: 'तपासले', आणि पुढे नाव. बदल एकदा मूळ साठ्यात गेला की ते नाव कुणालाही खोडता येत नाही. जगभरातले लोक ते वाचतात. ऑफिसात बाईंना पाठीमागे 'लाल शाई' म्हणत. त्यांना ते माहीत होते आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

"दुसरा मसुदा मी वाचला," त्या म्हणाल्या. "सहा सूचना दिल्या. तिसऱ्यात तू त्या केल्यास, तो वाचून मी नाव दिलं. साठ्यात गेला तो चौथा. चौथा मी पाहिलेला नाही."

"किरकोळ बदल होते, मॅडम. किरकोळ बदलात आधीचं नाव पुढे नेतात. सगळेच नेतात."

"शुद्धलेखन सुधारलं, मोकळी ओळ काढली तर नेतात. तू काय केलंस?"

त्याने कॉफीचा घोट घेतला.

"सांग ना. तुझ्याच हातचं आहे."

"नियमात हायफन टाकला. दोन ओळींत."

ओळीच्या सुरुवातीला हायफन टाकला की बिल्ड, म्हणजे साधने बांधणारी यंत्रणा, समजते: ही पायरी फसली तरी फिकीर नाही, पुढे चला. साधन तयार झाले नाही तरी कुणी हाक मारत नाही.

"आणि?"

"आणि टेस्टमध्ये, साधन सापडलं नाही तर... बाहेर पडायचं."

"पास म्हणून बाहेर पडायचं. 'वगळली' म्हणायला निकालाचा वेगळा आकडा आहे, तो तुला पाठ आहे. तू पास लिहिलंस."

"वगळली म्हटलं की निकालाच्या बोर्डवर पिवळं दिसतं हो. रिलीज अडली होती. एका जुन्या मशीनवर ते बांधलंच जात नव्हतं, वरून फोनवर फोन. तात्पुरतं केलं."

"अकरा आठवडे झाले तुझ्या तात्पुरत्याला. अकरा आठवडे बोर्ड हिरवागार आणि आत काहीच नाही! बरं, करायचं होतंस, तुझ्या नावावर करायचं. माझं नाव कशाला ठेवलंस?"

तो पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला. "खरं सांगू? तुमचं नाव असलं की वरचे लोक फारसं बघत नाहीत. लगेच घेतात."

तो हे कौतुक म्हणून बोलला होता. बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. नऊ वर्षांत त्यांनी जे काही मिळवले होते, त्याचा उपयोग या माणसाने दाराखाली सारायच्या पाचरीसारखा केला होता, आणि वर त्यांनी खूश व्हावे अशी त्याची अपेक्षा होती.

दुरुस्ती त्यांनी सकाळीच लिहून ठेवली होती. दोन्ही हायफन काढले, पासच्या जागी 'वगळली' घातले. खालच्या निवेदनात एक वाक्य होते: 'आधीच्या बदलाचा अखेरचा मसुदा मी तपासला नव्हता, त्याखालचे माझे नाव मला न विचारता ठेवले गेले.'

त्याने ते दोनदा वाचले. "दुरुस्ती झकास. हे वाक्य काढा."

"का?"

"ऑफिसची अब्रू जाते, मॅडम. चार वाजता साठा नव्या बदलांना बंद होतोय, त्याआधी दुरुस्ती जाऊ दे ना. वाक्याने काय मशीन गार होणारेत?"

"ज्याची दोन जळाली त्याला मी काय सांगू? वाचून नाव दिलं म्हणू, की न वाचता दिलं म्हणू? दोन्ही खोटं आहे."

"तीनला बोलू. तोवर पाठवू नका, प्लीज."

बाईंनी शब्द दिला.

एक वाजता नवऱ्याचा फोन आला. तो रोज या वेळेला येतो. नवरा एकतीस वर्षे लिफ्ट मेकॅनिक. त्यांच्या इमारतीची लिफ्टही त्याच्याच कंपनीकडे, त्याच्याच यादीत. बाईंनी डबा बाजूला सारून सगळे सांगितले.

"अगं, एक नाव तर आहे," तो म्हणाला. "एवढं काय रक्त आटवतेस? आम्ही तपासणीच्या कार्डावर दोन-दोन महिन्यांच्या सह्या एका बैठकीत मारतो. पडली का कुठली लिफ्ट?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? आहेस ना?"

"आपल्या लिफ्टच्या कार्डावर पण?"

"आपलीच ना ती! रोज वर-खाली करतो आपण. त्यात निराळं काय बघायचं?"

"दोरखंड कधी बघितलेस शेवटचे?"

"आता तू माझी पण परीक्षा घे."

"कधी बघितलेस, विचारतेय."

पलीकडून नुसताच रस्त्याचा आवाज आला. बाईंनी "ठेवते" म्हटले आणि ठेवला. नळापाशी डबा धुवायला उघडला तेव्हा त्यांच्या लक्षात आले की तो भरलेलाच आहे.

तीनला दहा कमी असताना त्यांच्या पडद्यावर नवे पत्र आले, साऱ्या जगाला उघड असणाऱ्या टपालयादीवर, म्हणजे मेलिंग लिस्टवर. टीमलीडने दुरुस्ती पाठवली होती. बाईंची नव्हे, स्वतःची. ते वाक्य त्यात अर्थातच नव्हते. आणि तळाशी होते: 'तपासले', आणि पुढे बाईंचे नाव.

त्या उठल्या आणि त्याच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या सहा-सात माना वर झाल्या.

"हे मी कधी वाचलं?"

"सकाळी आपलं बोलणं झालं ना, मॅडम. तेच केलंय सगळं. म्हणून टाकलं."

"तुला काय वाटतं, माझं नाव म्हणजे ऑफिसचा रबरी शिक्का आहे? ड्रॉवर उघडला, उमटवला?"

"हळू बोला ना जरा."

"हळूच बोलत होते. नऊ वर्षं."

जागेवर परत येऊन त्यांनी उत्तर लिहिले. ते चार ओळींचे होते. 'या बदलाखालचे माझे नाव काढावे. मी तो वाचलेला नव्हता. यापूर्वीच्या बदलाचा अखेरचा मसुदाही मी वाचला नव्हता. आता हा वाचला आहे: पहिला हायफन निघाला आहे, चौदाव्या ओळीतला राहिला आहे.' एकदा वाचून त्यांनी ते पाठवले. मग प्रयोगशाळेतल्या त्या माणसाला वेगळे पत्र लिहिले, जसे घडले तसे, आणि शेवटी माफी मागितली. तिसऱ्या मसुद्यावर नाव दिल्यानंतर पुढे काय गेले हे त्यांनी उघडून बघायला हवे होते. तेवढा दोष त्यांचा होता आणि तेवढाच त्यांनी घेतला.

साठा सांभाळणारा म्हातारा दूर कुठेतरी राहतो. बाईंनी त्याला कधी पाहिलेले नाही. त्याचे उत्तर साडेतीनला आले: 'नाव काढले. चौदावी ओळ दुरुस्त करून बदल साठ्यात घेतला. आधीच्या बदलावरचे काढता येत नाही. वाईट वाटते.'

पाच वाजता टीमलीड त्यांच्या जागेपाशी आला. या वेळी हातात कॉफी नव्हती.

"वर बोलणं झालं. उद्यापासून आपल्याकडचे रिव्ह्यू नवा प्रोग्राम करणार. आपोआप. तुम्ही... तुम्हाला कागदपत्रांच्या कामात घेऊ म्हणाले. मदतपुस्तिका वगैरे."

"त्या प्रोग्रामचं नाव खाली येणार का?"

"हो. म्हणजे, येईल बहुतेक."

"मग त्याला विचारून टाक," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलली.

घरी पोहोचेपर्यंत सहा वाजले. तळमजल्यावर लिफ्टच्या दाराला पाटी लटकत होती: 'काम चालू आहे'. शेजारी पहिल्या मजल्यावरच्या आजी पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"दुपारपासून बंद आहे बाई. सकाळी तर चांगली चालत होती! काय बिघडलं, तुमच्या ह्यांना विचारा की."

बाईंनी जाळीच्या दारातून आत पाहिले. केबिन खालीच उभी होती. भिंतीवरच्या कार्डावर नवऱ्याच्या सह्या एकाखाली एक होत्या. शेवटच्या दोन्हींवर निळ्या पेनाने आडवी रेघ मारलेली होती. त्यांच्याखालची जागा कोरी होती.

"काही बिघडलेलं नाही, आजी."

"मग बंद कशाला ठेवलीय?"

"बघतायत. द्या ती पिशवी इकडे."

आजींना पहिल्या मजल्यावर सोडून बाई पुढे निघाल्या. घर सातव्या मजल्यावर. गुडघा चौथ्यालाच बोलू लागला, तेव्हा त्या पायरीवर बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली. वरून, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतून, पान्याचा आवाज येत होता. मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई. त्या उठल्या नाहीत. आवाज पुरता थांबेपर्यंत तिथेच ऐकत बसल्या.